विंडोज सर्व्हरवर कंटेनर बसवणे आणि त्यासाठी फायरवॉल उघडणे

विंडोज सर्व्हरमध्ये कंटेनरची, म्हणजे एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फाइलींसह वेगळा ठेवून चालवण्याची, सोय २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. मात्र इन्स्टॉलेशनला हात घालण्यापूर्वी सर्व्हरची आवृत्ती आणि चालवायच्या इमेजची (ज्या तयार साच्यातून कंटेनर सुरू होतो त्याची) आवृत्ती एकमेकींशी जुळतात का, हे पाहून घ्यावे. सर्व्हरवर कंटेनर मूलतः प्रोसेस आयसोलेशन पद्धतीने चालतो, म्हणजे तो यजमान सर्व्हरचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो. त्यामुळे २०१९ च्या सर्व्हरवर २०२२ च्या पायावर बांधलेली इमेज चालत नाही आणि हायपर-व्ही आयसोलेशन (कंटेनरला स्वतःचा कर्नल असलेल्या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणे) वापरूनही हा अडथळा दूर होत नाही. नव्या सर्व्हरवर जुनी इमेज चालवायची असेल, तर मात्र हायपर-व्हीचा उपयोग होतो. लिनक्सच्या इमेज हव्या असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे लिनक्स व्हर्च्युअल मशीन उभारणेच श्रेयस्कर. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती, म्हणजे डॉकर डेस्कटॉप, विंडोज सर्व्हरसाठी समर्थित नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे.

सर्व्हर मॅनेजरमधील ‘अ‍ॅड रोल्स अँड फीचर्स’मध्ये जाऊन फीचर्सच्या यादीतून ‘कंटेनर्स’ निवडावे आणि सर्व्हर रीस्टार्ट करावा. त्यानंतर डॉकरचे इंजिन बसवायचे. जुन्या मार्गदर्शनात पॉवरशेलच्या एका पॅकेज प्रोव्हायडरमार्फत डॉकर उतरवण्याची पद्धत अजूनही आढळते, पण ती आता बंद झाली आहे आणि तिच्यावर वेळ घालवू नये. मायक्रोसॉफ्टने दिलेली पॉवरशेल स्क्रिप्ट डॉकरची कम्युनिटी आवृत्ती बसवते. कंटेनर्सचे फीचर सुरू नसेल, तर ते सुरू करून ती सर्व्हर रीस्टार्टही करते, म्हणून चालू असलेल्या सर्व्हरवर ती कामाच्या वेळेत चालवू नये. सशुल्क समर्थन हवे असल्यास मिरँटिस कंटेनर रनटाइम हा पर्याय आहे. स्क्रिप्ट वापरायची नसेल, तर डॉकरची झिप फाइल उतरवून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये उघडावी, ते फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घालावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडलेल्या पॉवरशेलमधून डॉकर डेमनची (पार्श्वभूमीत चालणाऱ्या डॉकरच्या मुख्य प्रोग्रॅमची) सर्व्हिस नोंदवावी आणि ती सुरू करावी.

पहिली इमेज उतरवण्याआधी डेमनची कॉन्फिगरेशन फाइल लिहून ठेवावी. ही जेसन फाइल ‘प्रोग्रॅमडेटा’तील डॉकरच्या कॉन्फिग फोल्डरात असते. तीत दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. विंडोजच्या इमेज काही गिगाबाइटच्या असू शकतात आणि मूळ मांडणीत त्या सी ड्राइव्हवरच साठतात, म्हणून ‘डेटा-रूट’ दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावा. दुसरी गोष्ट नॅट नेटवर्कच्या (कंटेनरांचे अंतर्गत पत्ते यजमानाच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या नेटवर्कच्या) पत्त्यांची. डॉकरने घेतलेली पत्त्यांची श्रेणी कार्यालयाच्या नेटवर्कशी धडकली, तर सर्व्हरवरून काही मशीन अचानक दिसेनाशी होतात आणि संशय विनाकारण फायरवॉलवर जातो. म्हणून ‘फिक्स्ड-सीआयडीआर’ या पर्यायाने मोकळी श्रेणी आधीच नेमून द्यावी. या फाइलमध्ये फोल्डरचा पाथ लिहिताना प्रत्येक बॅकस्लॅश दुहेरी लिहावा लागतो. सर्व्हिस सुरूच होत नसेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधील अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये डॉकरच्या नावाची नोंद वाचावी. बहुधा या फाइलमधली एखादी चूक तिथे स्पष्ट शब्दांत सापडते.

आता एक कंटेनर सुरू करून त्याचा ८० क्रमांकाचा पोर्ट यजमानाच्या ८०८० वर पब्लिश करावा, म्हणजे त्याला जोडून द्यावा, आणि सर्व्हरवरच ब्राउझर उघडून उत्तर येते का ते पाहावे. २०१६ च्या सर्व्हरवर ‘लोकलहोस्ट’ टाकल्यास उत्तर येत नाही, कारण तिथली नॅटची रचनाच तशी आहे. तिथे कंटेनरचा अंतर्गत पत्ता वापरून तपासावे. स्थानिक पातळीवर उत्तर आल्याशिवाय फायरवॉलला हात लावू नये, नाहीतर दोष कुठे आहे हे कळेनासे होते.

विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ खिडकीत नवा इनबाउंड (आत येणाऱ्या वाहतुकीचा) नियम तयार करावा. तो प्रोग्रॅमवर न बेतता पोर्टवर बेतावा: प्रोटोकॉल टीसीपी, स्थानिक पोर्ट ८०८०, कृती ‘अलाउ’. प्रोफाइल निवडताना डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तिन्ही खुणा आपोआप आलेल्या असतात. त्यांपैकी हव्या तेवढ्याच ठेवाव्यात. नियम तयार झाल्यावर त्याच्या गुणधर्मांतील ‘स्कोप’ या टॅबवर रिमोट पत्ते मर्यादित करावेत. ही पायरी अनेकदा राहून जाते आणि दोन खात्यांपुरता असलेला पोर्ट सगळ्यांसाठी खुला राहतो. नियमाच्या नावात कंटेनरचे नाव घालावे, म्हणजे कंटेनर काढून टाकल्यावर कोणता नियम पुसायचा हे शोधत बसावे लागत नाही.

तपासणी दुसऱ्या मशीनवरून पॉवरशेलच्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या कमांडने करावी. परवानगी असलेल्या मशीनवरून जोडणी जमली म्हणजे काम झाले असे नाही. परवानगी नसलेल्या मशीनवरूनही तीच कमांड चालवून जोडणी अडते का हे पाहावे. कंटेनरकडे जाणारी वाहतूक आभासी स्विचमधून वळते, त्यामुळे यजमानावरचा नियम तिला अपेक्षेप्रमाणे लागू होतोच, असे गृहीत धरू नये. परवानगी नसलेल्या मशीनवरूनही जोडणी जमत असेल, तर तो पोर्ट नेटवर्कच्या वेशीवरील फायरवॉलवर अडवावा.

डॉकरचे दूरस्थ नियंत्रण २३७५ क्रमांकाच्या पोर्टवर कधीही उघडू नये. तिथे ना ओळख तपासली जाते ना वाहतूक एन्क्रिप्ट होते, आणि तो पोर्ट गाठू शकणाऱ्याच्या हाती जवळजवळ सर्व्हरचे पूर्ण अधिकार येतात. गरज असल्यास टीएलएस प्रमाणपत्रांसह २३७६ वापरावा आणि तोही मोजक्या पत्त्यांपुरताच ठेवावा.

नियम बरोबर असूनही जोडणी अडत असेल, तर आधी त्याच पोर्टवर एखादा ‘ब्लॉक’ नियम आहे का ते पाहावे, कारण ‘ब्लॉक’ नियम ‘अलाउ’ नियमावर मात करतो. डोमेनमधील सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधील मशीनवर केंद्रातून लागू होणाऱ्या नियमांनी) स्थानिक नियमांचे विलीनीकरण बंद केलेले असू शकते. अशा वेळी सर्व्हरवर बनवलेला नियम यादीत दिसतो, पण लागू होत नाही, आणि तो पॉलिसीतूनच द्यावा लागतो. सर्व्हर क्लाउडवर असेल, तर तिथल्या नेटवर्क नियमांतही हाच पोर्ट तितक्याच पत्त्यांसाठी स्वतंत्रपणे उघडावा लागतो.