रायडिंग मोअर सारखा बिघडतोय? पार्ट मागवण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत एक-दीड एकराचं आवार असलेलं घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात दारात रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, येतो. मोठ्या दुकानांत मिळणारी ही यंत्रं बरीचशी किमतीकडे बघून बांधलेली असतात. इंजिन सहसा दणकट, पण भोवतालच्या काही जागा मुळातच कच्च्या. त्या जागा ठाऊक असल्या तर यंत्र वर्षानुवर्षं चालतं, नाहीतर दर मोसमात तोच पार्ट पुन्हा मागवावा लागतो. लोकांच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: तुटलेला भाग बदलायचा आणि तो का तुटला ते बघायचंच नाही.

बॅटरी नवी, तरी स्टार्टर अडखळतो

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेऊन अडतं. आधी नवी बॅटरी येते, मग सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच), मग स्टार्टर. एका सिलिंडरच्या इंजिनात दोष पुष्कळदा व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीत असतो. सुरू होताना पिस्टनवरचा दाब हलका व्हावा म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी सोय असते, ती व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. वापराने फट वाढली की ती किंचितशी उचल फटीतच जिरते, दाब पूर्ण राहतो आणि स्टार्टरला तो पेलवत नाही.

खात्री करणं सोपं आहे. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आहे ना, ते मीटरने बघा. स्पार्क प्लग काढा, त्याची वायर भोकापासून लांब नेऊन इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किल्ली फिरवा. आता इंजिन गरगर फिरलं, तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही निर्दोष. मग किल्ली काढून घ्या, थंड इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर उघडा, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) पिस्टन सर्वांत वर आणून पाव इंच खाली उतरवा आणि त्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एका सिलिंडरच्या इंटेक (Intek) नावाच्या इंजिनांत हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची फट ०.००३ ते ०.००५ इंच आणि धूर बाहेर सोडणाऱ्याची ०.००५ ते ०.००७ इंच ठेवतात. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याच्या मॅन्युअलमधलंच माप घ्या. एवढं काम एका संध्याकाळी होतं, आणि एक गेज सोडलं तर काही विकत आणावं लागत नाही.

बेल्ट जळाला म्हणून फक्त बेल्ट बदलणं

बेल्ट उगाच जळत नाही. तो काढला की प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली, डुगडुगली किंवा जड गेली, तर त्या पुलीचं बेअरिंग संपलं आहे. नवा बेल्टही तिथेच जळेल. पाती ज्यावर फिरतात त्या आसाचं, म्हणजे स्पिंडलचंही तसंच. काही मॉडेलांत स्पिंडलवर ग्रीसचं निपल दिलेलं असतं, पण आतली बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद असतात, त्यामुळे भरलेलं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. बेअरिंग बदलताना आतल्या बाजूचं सील अलगद काढून मग ते बसवणारे लोक आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच करतात.

डेकवर, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणावर, धुण्यासाठी पाण्याचा पाइप जोडायची सोय असते, ती मी वापरत नाही. पाणी बेअरिंगपर्यंत जातं, ओलं गवत कोपऱ्यांत चिकटून राहतं आणि पत्रा आतून गंजतो. काम झालं की लीफ ब्लोअरने वरचं गवत उडवायचं, खालचं सुकल्यावर खरवडायचं.

चढावर दम लागतो

हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारी यंत्रणा) थंड असताना नीट चालतं आणि अर्ध्या तासाने चढावर रेंगाळू लागतं, ही तक्रार फार जुनी. टफ टॉर्क कंपनीचं के४६ हे अशा ट्रान्समिशनचं मॉडेल कितीतरी ब्रँडच्या मोअरमध्ये आहे. त्याला तेल काढायचा प्लगच नाही, पूर्ण तेल बदलायचं तर ते मोअरखालून उतरवावं लागतं. पण पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा: ट्रान्समिशनवरचा थंड करणारा पंखा आणि पट्ट्या गवताने भरल्यात का, ड्राइव्ह बेल्ट घसरतोय का, आणि मोअर हाताने ढकलता यावा म्हणून ओढायचा, चाकं मोकळी करणारा बायपासचा दांडा पूर्ण आत गेलाय का. तेल बदललं तर आतली हवा काढल्याशिवाय यंत्र ओढणार नाही. मागची चाकं उचलून, बायपास उघडा ठेवून, सावकाश पुढे-मागे पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग बायपास बंद करून तेच पुन्हा करा.

हे ट्रान्समिशन सपाट लॉनसाठी आहे. मल्चने (झाडांभोवती पसरायच्या लाकडाच्या भुश्याने) भरलेली गाडी चढावर ओढायला लावलीत, तर नवं तेलही त्याला वाचवणार नाही.

सीट स्विचला वायर जोडून टाकणं

खड्ड्यावरून जाताना इंजिन बंद पडतं, म्हणून काही जण सीटखालच्या दोन तारा एकत्र जोडून मोकळे होतात. हे अजिबात करू नका. चालवणारा सीटवरून उतरला की पाती ५ सेकंदांत थांबली पाहिजेत, असं तिथलं मानक आहे, आणि ते याच स्विचवर अवलंबून आहे. घरात लहान मुलं असतात, ती मोअरच्या आवाजाकडे धावत येतात. बहुतेक वेळा कनेक्टर गंजलेला असतो किंवा सीटची स्प्रिंग बसलेली असते. कनेक्टर साफ करा, तरी भागलं नाही तर नवा स्विच घाला. तो महागही नसतो.

थोडक्यात, बाकीचं

पुढची चाकं डुगडुगतात कारण ती बेअरिंगवर नव्हे, तर बुशवर (साध्या नळीसारख्या भागावर) फिरतात. बुश झिजल्यावर त्याच मापाचं बेअरिंग मिळत असेल तर तेच बसवा. पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचंच घ्या, १५ टक्क्यांचं या इंजिनांना चालत नाही. थंडीत मोअर उभा करायचा असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. आणि इंजिनाचा कुठलाही पार्ट मागवताना मोअरचा नव्हे, तर इंजिनावर कोरलेला मॉडेल आणि टाइप क्रमांक बघा. एकाच नावाच्या मोअरमध्ये दोन वर्षांत दोन वेगळी इंजिनं असू शकतात.