हार्डवेअर मॉनिटरिंग ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये कुठे ठेवायचा?
डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) उघडून आधी एवढंच बघा: चिप यंत्राची तब्येत मोजते की बाहेरचं जग? बोर्डाचं तापमान, पंख्याचा वेग, व्होल्टेज मोजत असेल आणि सेकंदाला एक-दोन रीडिंग पुरत असतील, तर जागा ‘एचडब्ल्यूमॉन’, म्हणजे कर्नलचा हार्डवेअर मॉनिटरिंगचा विभाग. वेगवान सॅम्पलिंग, बफर, ट्रिगर हवे असतील किंवा तो सर्वसाधारण वापराचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) असेल, तर ‘आयआयओ’, म्हणजे सेन्सर आणि एडीसींसाठीचा ‘इंडस्ट्रियल आय/ओ’ विभाग. अशा एडीसीने मोजलेलं व्होल्टेज एचडब्ल्यूमॉनमध्ये दाखवायला ‘आयआयओ-एचडब्ल्यूमॉन’ हा पूल तयारच आहे. म्हणून एकाच चिपसाठी दोन ड्रायव्हर लिहूच नका: डिव्हाइसला एकच जोडला जातो, आधी लोड होईल तो ताबा घेतो. चिपमध्ये वॉचडॉग (अडकलेलं यंत्र रीसेट करणारा टायमर), जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिना) हेही असतील तर ड्रायव्हरचा मूळ भाग ‘एमएफडी’त, म्हणजे अनेक कामं करणाऱ्या चिपच्या विभागात. ग्राफिक्स कार्डाचा सेन्सर मात्र कार्डाच्याच ड्रायव्हरमधून नोंदवा. आणि एकक सांभाळा: एचडब्ल्यूमॉनमध्ये ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ४५०००, कारण तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहितात.