वावरातून विमान टिपताय? या चुका टाळा

इंटरनेटवर विमानांचे फोटो पाहायला लागलं की त्याच त्या जागा समोर येतात. सेंट मार्टिन बेटावरचा माहो बीच, जिथं उतरणारं विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. लंडनच्या हीथ्रोजवळची मर्टल अव्हेन्यू. मँचेस्टरला धावपट्टीशेजारी मुद्दाम केलेलं उद्यान, ज्यात कॉन्कॉर्डही ठेवलंय. टोकियोच्या हानेदाला तर टर्मिनलच्या गच्चीवरूनच विमानं पाहता येतात. हे सगळं पाहून दारव्ह्याचा किंवा हिंगणघाटचा पोरगा कॅमेरा घेऊन एसटीनं नागपूर गाठतो, सोनेगाव विमानतळाच्या भिंतीला लागून उभा राहतो आणि थोड्या वेळात कुणीतरी येऊन विचारतं, "काय चालू आहे बे?"

चुकांची सुरुवात इथंच होते. त्या परदेशी जागा चांगल्या आहेत कारण तिथं बघ्यांची सोय केलेली आहे, निदान त्यांची सवय तरी आहे. आपल्याकडे ती नाही. ग्रामीण विदर्भातल्या माणसाला विमानं टिपायला सगळ्यात चांगली जागा बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं वावर असतं, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीपाशी कॅमेरा काढणं

१९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. प्रवाशांना पुढे काही सूट मिळाली, पण ती प्रवाशांना, भिंतीबाहेरच्या हौशी माणसाला नाही. त्यात नागपूरला हवाई दलाचाही तळ आहे आणि दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालयही. त्या बाजूला लेन्स वळवूच नका. पुलगावचा दारूगोळा डेपो, अंबाझरीचा आयुध कारखाना, यांच्या आसपास तर "वरून जाणारं विमान काढत होतो" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

२०१० साली दिल्लीत दोन ब्रिटिश हौशींना अटक झाली होती. विमानतळ दिसेल अशी हॉटेलची खोली त्यांनी मागून घेतली होती आणि विमानांचे संदेश पकडणारी साधनं जवळ बाळगली होती. हेर नव्हते बिचारे, पण सुटका व्हायला काही आठवडे गेले. वैमानिक आणि टॉवरचं बोलणं ऐकायला ऑनलाइन स्वस्त रिसीव्हर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, हाच यातला बोध.

रस्त्यावर पोलिसांनी हटकलं तर आधी कॅमेरा खाली करा, मग बोला. "दादा, तुम्ही म्हणता तर निघतो" एवढं पुरतं. ड्रोन मात्र घरीच ठेवा. विमानतळाभोवती ड्रोनला बंदी किंवा मर्यादा असलेली लाल आणि पिवळी क्षेत्रं असतात, ती डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर पाहता येतात.

आवाजाच्या दिशेनं पाहणं

आता वावराकडे येऊ. दिल्ली आणि बेंगळुरू नकाशावर सरळ रेषेनं जोडा, ती रेषा अकोला-अमरावतीच्या आसपासून जाते. दिल्ली-चेन्नई जोडा, ती वर्ध्याकडून जाते. मुंबई-कोलकाता नागपूरच्या आसपास. खरे हवाई मार्ग थोडे इकडेतिकडे वळतात, पण डोक्यावरची वर्दळ कमी नाही. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा चार महानगरांची विमानं मध्यरात्री नागपूरलाच एकत्र यायची, तीही याच मोक्याच्या जागेमुळे.

धुऱ्यावर उभा राहणारा माणूस मात्र घरघर ऐकतो, आवाजाकडे मान वळवतो आणि तिथं काहीच नसतं. विमान साधारण अकरा किलोमीटर उंचीवर असतं. आवाज खाली यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो, तेवढ्यात विमान आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाज जिथून येतो त्याच्या बरंच पुढे शोधा. त्याहून बरं म्हणजे आवाजाची वाटच पाहू नका, फ्लाइटरडारसारख्या विमानं दाखवणाऱ्या ॲपवर येणारं विमान आधी हेरा आणि त्या दिशेला तयार राहा.

याच्याशी जुळी चूक म्हणजे क्षितिजाजवळचं विमान टिपणं. क्षितिजापासून दहा अंशांवर दिसणारं विमान साठेक किलोमीटर लांब असतं आणि मध्ये सगळी धूळ, धूर, बाष्प. फेब्रुवारी-मार्चात पऱ्हाट्या जाळायला लागल्या की विचारायलाच नको. तेच विमान डोक्यावर येऊ द्या, अंतर अकरा किलोमीटर उरतं आणि बहुतेक वाट विरळ, स्वच्छ हवेची. निकॉनच्या पी९०० किंवा पी१००० सारख्या लांब झूमच्या कॅमेऱ्यातून मग कंपनीचे रंगही ओळखू येतात. मान दुखते, हे खरं. खाटेवर उताणं पडून काढा, लाजायचं काय त्यात!

चंद्रावरून जाणारं विमान हवं असेल तर एक-एक फोटो काढत बसू नका. चंद्र डोक्याजवळ असताना विमान त्याची थाळी अर्ध्या सेकंदाच्या आत ओलांडतं. सलग फोटोंचा मोड आधीच लावून ठेवा आणि विमान चंद्राला टेकण्याच्या आधीच बटण दाबा.

उन्हाची झळ लेन्सनं जिंकायला जाणं

"फोकस गेलाय, कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?" हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यात हमखास येतो. नका टाकू. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे विमानाच्या खिडक्या विरघळल्यासारख्या दिसतात. लेन्स जितकी लांब, तितकी ही झळ जास्त ठळक दिसते. महागडी लेन्स घेऊन काही फरक पडत नाही.

खात्री करायची असेल तर तीच लेन्स पहाटे लांबच्या एखाद्या झाडावर रोखून पाहा. तेव्हा फोटो स्वच्छ आला तर दोष हवेचा. सूर्योदयापासून नऊपर्यंत काढा, किंवा पाऊस पडून उघडल्यावर काढा. डांबरी रस्ता, टिनाचं छत, नांगरलेली काळी जमीन, यांच्यावरून नेम धरू नका, हिरव्या पिकावरून धरा. गाडीचा एसी चालू ठेवून अर्ध्या काचेतून काढलेले फोटोही असेच लोणी होतात. इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या, थोडं थांबा.

शिवाय मेच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर असतो. नागपूरला शून्य सावलीचा दिवस त्याच सुमारास येतो. त्या उजेडात विमानाचं पोट काळंठिक्कर आणि पाठ पांढरीफटक. दुपारी घरी झोपा.

पंखा गोठवणं

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, ते एटीआर, म्हणजे पंख्यांवर चालणारं विमान होतं. जेटसाठी एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठीक. तोच आकडा एटीआरला लावला की पंख्याची पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान हवेत टांगलेलं खेळणं वाटतं.

हिशेब सोपा आहे. एटीआरला सहा पाती, म्हणजे दोन पात्यांत साठ अंश. उड्डाणाच्या वेळी पंखा मिनिटाला जास्तीत जास्त १२०० फेरे घेतो, सेकंदाला वीस. एकशेपंचविसांश सेकंदात पातं जवळजवळ साठ अंश फिरतं, म्हणजे फोटोत पंख्याची पूर्ण धूसर चकती मिळते. अडीचशांशला अर्धी धूसर. नवख्यानं अडीचशांशपासून सुरू करावं आणि हात बसला की खाली यावं. या वेगावर विमानाबरोबर कमरेतून वळावं लागतं. नुसते हात हलवले तर फोटो हलणारच. तिपाईवर कॅमेरा असेल तर कंपन थांबवणारी सोय बंद करून पाहा, काही लेन्स तिथं उलटा गोंधळ घालतात.

गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथली छोटी डायमंड विमानं पुन्हा पुन्हा उतरतात-उडतात, सरावाला याहून चांगलं काही नाही. पण नजर बाहेरच्या पांदणीवरून, कुंपणाला चिकटून नाही.

वारा आणि उजेड न पाहता जागा धरणं

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. उपणताना वारा कुठून येतो हे ज्याला न सांगता कळतं, त्याला धावपट्टीचं कोणतं टोक वापरात असेल हेही कळायला हवं. नागपूरची पट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे, तिचे आकडे १४ आणि ३२, म्हणजे होकायंत्राचे साधारण १४० आणि ३२० अंश. पश्चिमेचा वारा असेल तर बहुधा ३२, म्हणजे विमानं आग्नेयेकडून येणार. सकाळचा उजेड ईशान्येच्या, वर्धा रोडच्या बाजूनं पडतो, संध्याकाळचा उलट्या बाजूनं. हे न पाहता उभं राहिलात तर दिवसभर नुसत्या काळ्या आकृत्या मिळतील.

ॲपवर दिसत नाही म्हणजे विमान नाही

फ्लाइटरडारसारखी ॲप जमिनीवरच्या रिसीव्हरवर चालतात (हे विमानाची जागा सांगणारे संकेत पकडतात, वैमानिकांचं बोलणं ऐकणारे ते वर सांगितलेले वेगळे) आणि त्यांना विमान सरळ रेषेत दिसावं लागतं. जवळपास रिसीव्हर नसेल तर खाली आलेलं विमान नकाशावरून गायब होतं, आभाळात मात्र असतं. लष्करी विमानं तर बहुतेकदा दिसतच नाहीत. वेळापत्रकही ताजं घ्या, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. ॲपमध्ये वेळ "यूटीसी", म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, अशी दिसली तर साडेपाच तास मिळवा.

तुमच्या भागात रिसीव्हरच नसेल तर फ्लाइटरडार२४ कडे अर्ज करता येतो. जिथं त्यांना गरज वाटते तिथं ते रिसीव्हर फुकट देतात. घराचं छत उंच, चारी बाजू मोकळ्या आणि इंटरनेट व वीज टिकणारी हवी. आपल्याकडचं भारनियमन पाहता इन्व्हर्टरची सोय आधी करा, अर्ज नंतर.