स्टेनोचा पगार आणि सांगलीतली खोली

कोर्टाच्या स्टेनोभरतीच्या जाहिरातीत ‘एस-१४ : ३८६००-१२२८००’ छापलेलं असतं, म्हणजे पगाराची पातळी आणि तिच्यातला पहिला नि शेवटचा बेसिक, आणि घरच्यांची नजर नेमकी दुसऱ्या आकड्यावर जाते. माझ्या मामांनी १,२२,८०० हाच पगार धरून चार ठिकाणी सांगून टाकलं होतं. तो आकडा नोकरीच्या शेवटी भेटला तर भेटतो. जिल्हा न्यायालयातल्या श्रेणी-३ स्टेनोची, म्हणजे न्यायाधीशांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवून टाइप करणाऱ्याची, सुरुवात ३८,६०० बेसिकवर होते. त्याच भरतीतल्या कनिष्ठ लिपिकाची १९,९०० वर होते, म्हणून स्टेनोच्या जागेचं आपल्याकडे एवढं अप्रूप.

आता हातात काय पडतं ते बघू. सोपं जावं म्हणून महागाई भत्ता ५० टक्के धरते, तो आता त्याच्या पुढे गेलाय. ३८,६०० आणि वर १९,३०० झाले. मग येतो घरभाडे भत्ता, आणि नवीन मुलं इथंच फसतात. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट केलेत. सांगली वाय गटात आहे, सातारा झेड गटात. म्हणजे सांगलीला २० टक्के, ७,७२० रुपये. साताऱ्याला त्याच्या बरोब्बर निम्मे, ३,८६०. साताऱ्याच्या सदर बझारात कोर्टाजवळ खोली बघायला जा, घरमालक काही झेड गट बघून भाडं सांगत नाही. एनपीएसचे, म्हणजे पेन्शन योजनेचे, ५,७९० आणि व्यवसाय कराचे २०० कापले की सांगलीत साठ हजारांच्या जरा आत, साताऱ्यात छप्पन्नच्या आत उरतात. बाकीच्या किरकोळ कपाती वेगळ्या, प्रवास भत्ताही वेगळा.

ही बेरीज बरी दिसते, पण तिच्यामागची वर्षं कुणी मोजत नाही. पदवी तर हवीच. शिवाय मिनिटाला शब्द मोजले तर इंग्रजी शॉर्टहँड १००, मराठी ८०, टायपिंग इंग्रजी ४०, मराठी ३०. ६० चा वेग चार-सहा महिन्यांत येतो. ८० वरून १०० ला जाताना मात्र हात अडतो तो अडतोच. मी त्या पायरीवर दीड वर्ष होते आणि परीक्षा परिषदेच्या परीक्षेत दोनदा आपटले. त्या काळात एका वकिलांकडे महिना ९,००० वर टायपिंग केलं. क्लासची फी, पास आणि वह्या-पेन्सिली सोडल्या तर घरी द्यायला काही उरायचं नाही. घरचं कुणी तेवढी वर्षं सांभाळून घेणार असेल तरच ही वाट धरा, हे मी तोंडावर सांगते.

काम कसं असतं? साक्षीदार म्हणतो, “म्या तिथं नव्हतोच सायेब.” साहेब, म्हणजे न्यायाधीश, सांगतात, “मी घटनेच्या वेळी हजर नव्हतो.” आपण साहेबांचं ऐकायचं आणि थेट कॉम्प्युटरवर घ्यायचं. जजमेंटचं डिक्टेशन मात्र वहीत. वेगात स्वर गाळावे लागतात, नुसता व्यंजनांचा सांगाडा राहतो. पहिल्याच महिन्यात जमिनीच्या दाव्यात ‘सामाईक बांध’ याचं मी ‘सामाईक बंद’ केलं, तेही तीन ठिकाणी. साहेबांनी नुसती लाल रेघ मारून कागद परत दिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मशीन आपली जागा खाणार का, हे सगळेच विचारतात. सुप्रीम कोर्टाने २१ फेब्रुवारी २०२३ ला सुनावणी बोलता-बोलता मजकुरात उतरवणारी यंत्रणा वापरून पाहिली, ती शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात. पण कवठेमहांकाळचा म्हातारा कंठ दाटून बोलतो, मागे दोन वकील एकदम उठतात, पंखा खडखडतो. तिथं मशीनचं लिहिलेलं तपासायला माणूस लागतो, निदान आज तरी.

माझी एक मैत्रीण घरी बसून व्हिडिओंना कॅप्शन देते, पैसे व्हिडिओच्या मिनिटांवर मिळतात. तिला एका मिनिटाला सहा-सात मिनिटं लागतात, ती मात्र कुणी मोजत नाही. कधी महिना भरून काम असतं, कधी पंधरा दिवस शुकशुकाट. कोर्टात लागल्यावर हे जोडीला करू, असं डोक्यात असेल तर काढून टाका. सरकारी नोकराला परवानगीशिवाय दुसरा कामधंदा करता येत नाही.

आता खोलीचं. मी सुरुवातीचे सहा महिने तासगावहून ये-जा केली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हटलं भत्ता सगळा वाचला. पण स्टेनोचा दिवस कोर्ट उठलं की संपत नाही. साहेब जजमेंट सांगायला बसतात तेच साडेपाचनंतर. रात्री एसटी स्टँडवर उभं राहून आईला “निघालेच” असं तीनदा खोटं सांगायचे.

मग शोध सुरू केला. स्वस्त खोल्या गावभागात, मारुती चौकाच्या बाजूला. एका वाड्यात २,५०० ला मिळत होती. जिना चढताना भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर मळकट रेघ दिसली. “दोन हजार एकोणीसच्या पुराचं पाणी,” काकू म्हणाल्या, “तेव्हा कृष्णेचं पाणी आयर्विन पुलावर ५७ फूट झालं होतं.” तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी चहा घेतला आणि निघाले. तिकडे खोली घ्यायची तर वरच्या मजल्यावरची घ्या, आणि गादी, फ्रिज घेण्याआधी ती रेघ शोधा.

कोर्ट विजयनगरला, म्हणून शेवटी विश्रामबागेत घेतली. चालत बारा मिनिटं. भाडं ७,५००, भत्ता ७,७२०. उरलेले २२० रुपये पाण्याच्या मोटरीच्या वर्गणीत जातात.