सरकारी यंत्रणांच्या सायबर सुरक्षेत येताय? ‘हल्ला कुणी केला’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा

निकाल लागले की या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो. सायबर युद्धाचा सरकारांना खरंच एवढा धोका आहे, की नुसता गाजावाजा? मी वीज क्षेत्रातल्या कंट्रोल सिस्टिमच्या, म्हणजे वीज यंत्रणा लांबून चालवणाऱ्या संगणकांच्या, सुरक्षेचं काम करतो. माझं उत्तर सरळ आहे: धोका खरा आहे आणि गंभीर आहे. पण बातम्या वाचून त्याचं जे चित्र डोक्यात तयार होतं, ते घेऊन इथे आलात तर पहिली दोन-तीन वर्षं फुकट जातील. माझी गेली.

फिशिंग, रॅन्समवेअर, व्हीपीएन हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

युक्रेनपासून सुरुवात करा. २३ डिसेंबर २०१५. पश्चिमेकडच्या इव्हानो-फ्रँकिव्स्क भागातल्या वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा कर्सर आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच; उघडला की वीज जाते, बंद केला की येते) उघडत गेला. त्याच सुमारास आणखी दोन वितरण कंपन्यांतही हेच घडलं. मिळून ३० च्या आसपास उपकेंद्रं बंद झाली, सुमारे २,२५,००० ग्राहकांची लाइट गेली.

या हल्ल्याचे तपशील जितके खोलात वाचाल तितके थोडे. हल्लेखोर कित्येक महिने आधीच आत होते. शिरकाव झाला तो ईमेलला जोडलेल्या ऑफिस फाइलमधल्या मॅक्रोतून, म्हणजे फाइलमध्ये दडवलेल्या छोट्या प्रोग्राममधून. मग पासवर्ड चोरले, व्हीपीएनमधून कंट्रोल नेटवर्कपर्यंत पोचले. त्या व्हीपीएनला पासवर्डपलीकडे दुसरी पडताळणी नव्हती. ब्रेकर उघडल्यावर त्यांनी उपकेंद्रांशी संवाद साधणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअरच (उपकरणाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) खराब करून टाकलं, म्हणजे कंट्रोल रूममधून ब्रेकर परत बंद करता येऊ नयेत. यूपीएस बंद पडतील अशी व्यवस्था केली. संगणक पुसले. तक्रार केंद्रावर खोट्या कॉलचा मारा केला, म्हणजे ग्राहकांचा फोन लागू नये.

आणि तरीही वीज एक ते सहा तासांत परत आली. कारण माणसं गाडीत बसून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर परत बंद केले. हे त्यांना जमलं, कारण हाताने काम करायची सवय तिथे अजून मोडलेली नव्हती. पुढे कित्येक महिने त्यांना बरंचसं काम हातानेच रेटावं लागलं. या प्रकरणावर मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ई-आयसॅक आणि सॅन्स या संस्थांनी काढलेला अहवाल फुकट मिळतो. कुठलाही कोर्स लावण्याआधी तो वाचा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आता माझी पहिली वर्षं ज्यात फुकट गेली तो सापळा. मला त्यातून बाहेर काढायला कुणी नव्हतं, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

सुरुवातीला मी हे सगळं वाचत होतो ते ‘हल्ला कुणी केला’ एवढ्यासाठीच. कुठला देश, कुठला गट, त्या गटाची टोपणनावं काय. वह्या भरल्या होत्या. त्यात थरार आहे हे मान्य. पण एका मुलाखतीत समोरच्या ज्येष्ठ इंजिनिअरने विचारलं, “ते असो. सगळे फीडर गेलेत, स्काडा आंधळी झालीये. पहिला फोन कुणाला लावाल?” (फीडर म्हणजे उपकेंद्रातून वस्त्यांकडे वीज नेणाऱ्या लाइनी; स्काडा म्हणजे कंट्रोल रूममधून हे सगळं बघणारी आणि चालवणारी संगणक यंत्रणा.) माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “गुन्हेगार पोलीस शोधतील. आपल्याला संध्याकाळच्या आत लाइट द्यायचीये.”

‘कुणी’ हा प्रश्न सोडवायला वर्षं लागतात. युक्रेनच्या त्या हल्ल्याबद्दल अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र जाहीर केलं ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी. त्याच आरोपपत्रात २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकवरचा हल्लाही आहे. तो तर उत्तर कोरियाचाच वाटावा म्हणून मालवेअरमध्ये (घातक सॉफ्टवेअरमध्ये) मुद्दाम खोट्या खुणा पेरल्या होत्या, आणि सुरुवातीला चांगल्या-चांगल्यांची दिशाभूल झाली. कामाला लागून सहा महिने झालेल्या मुलाने आयपी अॅड्रेस बघून देशाचं नाव सांगू नये, ते यासाठी.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२०, मुंबई. सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस असल्याने रुग्णालयांची वेगळीच धावपळ. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस एका अमेरिकन कंपनीचा अहवाल आला की चीनशी संबंधित एक गट भारतीय वीज यंत्रणांच्या मागे लागलाय. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्या कंपनीने स्वतःच म्हटलं होतं. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले की कारण मानवी चूक, सायबर हल्ला नाही. मात्र उत्तर आणि दक्षिण विभागाच्या भारप्रेषण केंद्रांवर (ग्रिडमधल्या विजेचा तोल सांभाळणारी केंद्रं) तसे प्रयत्न झाले होते, असंही ते म्हणाले. मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडले. त्या भांडणात मीही तावातावाने उतरलो होतो.

त्या गदारोळात एका गोष्टीकडे जवळजवळ कुणीच पाहिलं नाही. कारण काहीही असो, उरलेल्या ग्रिडपासून तोडून मुंबईला जिवंत ठेवणारी आयलँडिंग व्यवस्था त्या दिवशी तग धरू शकली नाही. हल्लेखोराला नेमकं हेच हवं असतं. एखादी साधी बिघाडाची घटना यंत्रणेला झोपवू शकत असेल, तर जाणूनबुजून केलेला हल्ला तिला नक्कीच झोपवेल. म्हणून बिघाडाचे अहवाल वाचा. कुठला रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) का चालला, कुठला का चालला नाही. सायबरवाल्यांना ते कंटाळवाणे वाटतात आणि ही मोठी उणीव आहे असं माझं ठाम मत आहे.

सरकारला धोका म्हणजे फक्त अंधार, असंही समजू नका. कोस्टा रिकाची हकिगत बघा. एप्रिल २०२२ मध्ये कॉन्टी नावाच्या रॅन्समवेअर टोळीने तिथल्या अर्थ मंत्रालयावर घाव घातला. करभरणा आणि सीमाशुल्काच्या यंत्रणा बंद, माल अडकला, कागदावर काम सुरू, सरकारी शिक्षकांच्या पगारात घोळ. ८ मे रोजी नवे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो चावेस यांनी सूत्रं हाती घेतली आणि लगेच राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. महिनाअखेरीस दुसऱ्या टोळीने सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य यंत्रणा गाठली. एकही गोळी न झाडता, पैशासाठी काम करणाऱ्या टोळ्यांनी एका देशाच्या सरकारला कर गोळा करणं, पगार देणं, रुग्ण तपासणं अवघड करून टाकलं. याहून गंभीर धोका कुठला हवा?

‘तिकडचं युद्ध, आपला काय संबंध’ असं म्हणणाऱ्याला न्हावा-शेवा आठवून द्या. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा मालवेअर सुटला, मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या जेएनपीटीमधल्या (न्हावा-शेवा बंदर) एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

मग शिकायचं काय? नेटवर्किंग पक्कं. लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचणं. मॉडबस आणि आयईसी १०४ हे प्रोटोकॉल (कंट्रोल यंत्रांची आपसात बोलायची भाषा) वायरशार्क या नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ओळीनओळ समजून घेणं. नमुन्याच्या फाइली नेटवर सहज मिळतात. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस ठेवायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. ही घड्याळांची अट किरकोळ वाटते, पण दोन यंत्रांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असला की आधी काय झालं आणि नंतर काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

‘महिनाभरात एथिकल हॅकर’ म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. घरच्यांनी कर्ज काढून भरलेली फी आणि हातात टूल्सची यादी, असे कितीतरी मुलगे-मुली मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. मार्गदर्शक शोधायचा असेल तर लिंक्डइनवर फॉलोअर किती ते बघू नका. रिले टेस्टिंगमध्ये केस पांढरे झालेला एखादा इंजिनिअर, नाहीतर रात्रपाळी करणारा उपकेंद्रातला यंत्रचालक गाठा. चहा पाजा आणि विचारा, लाइट गेल्यावर पहिली पाच मिनिटं तुम्ही काय करता?

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. इंटरनेटवर उघडी दिसलेली सरकारी यंत्रणा ‘फक्त तपासून बघतो’ म्हणून स्कॅन करू नका, लॉगिन तर चुकूनही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली संरक्षित यंत्रणेत परवानगीशिवाय शिरलात, किंवा शिरण्याचा नुसता प्रयत्न केलात, तरी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू चांगला होता, हे सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. शिवाय जुने कंट्रोलर साध्या स्कॅननेही अडकून पडतात. त्रुटी दिसली तर सर्ट-इनला कळवा.

मराठी माध्यम, डिप्लोमा, इंग्रजी बोलताना अडखळणं, याची भीती बाळगू नका. या कामात आयटीआय करून आलेला, पॅनेल उघडून वायरिंग वाचू शकणारा मुलगा कित्येकदा नुसत्या सर्टिफिकेटवाल्यापेक्षा पुढे जातो. इंग्रजी अहवाल लिहून-लिहून सुधारतं. माझं तसंच सुधारलं.

नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी मागा. नेटवर्कचा अद्ययावत आराखडा, बॅकअप शेवटचा कधी परत चढवून पाहिला त्याची नोंद, आणि कागदावर छापलेली फोन नंबरांची यादी. बहुतेक ठिकाणी यातलं एखादं तरी सापडणार नाही. ते नसेल तर तिथूनच कामाला लागा.