जुने कॉमिक घेताना आधी मधली पिन बघा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, रविवारच्या बाजारात किंवा लातूर-नांदेडच्या रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा (1964 ते 1990) गठ्ठा दिसला की मुखपृष्ठावर भाळून भाव विचारू नका. अंक बरोबर मधोमध उघडा. पिनेत अडकवलेला एक कागद म्हणजे चार पाने; पिना गंजल्या की सगळ्यात आधी मधलाच कागद निसटतो आणि ऐन गोष्टीतली चार पाने जातात. म्हणून पानांचे आकडे सलग आहेत का बघा. पाने गेलेला अंक अर्ध्या किमतीलाही घेऊ नये, फक्त मुखपृष्ठ हवे असेल तरच. कूपन किंवा कोडे कापलेले असेल, तर त्याच्या मागच्या चित्रालाही भोक पडलेले असते.

एकेका अंकाचा भाव करण्यापेक्षा दहा-बारा निवडून एकत्र भाव मागा. खास हवा असलेला अंक गठ्ठ्याच्या मधे ठेवा, वर नको; विकणाऱ्याच्या नजरेत भरायला नको.

घरी आणल्यावर लगेच कपाटात ठेवू नका, कसर इतर पुस्तकांत पसरते. ती मरावी म्हणून अंक कोरडा करून प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करा, आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरते. गंजलेली पिन ओढू नका; आतून तिचे पाय बोथट सुरीने सरळ करून अलगद काढा. फाटक्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.