छापील पुस्तकाचं ई-बुक करताना: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

मराठी ई-बुकांच्या कामात येऊ पाहणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरचं विचारतात. सिजिल हे ई-बुक बांधायचं सॉफ्टवेअर, सीएसएस ही मांडणी ठरवायची भाषा, हे सरावानं येतं. त्याआधी छापील प्रत पेन्सिल घेऊन वाचा. पत्राचा मजकूर आत का घेतलाय? परिच्छेदांमधली मोकळी ओळ काळ सरल्याची आहे, की पान भरायला सोडलेली? ईपबमध्ये, म्हणजे ई-बुकाच्या नेहमीच्या फाइलप्रकारात, वाचक अक्षर लहानमोठं करतो आणि पान विस्कटतं. मांडणीमागचा हेतू ओळखला असेल, तरच तो तिथे टिकवता येतो.

मराठीत खरी कसोटी अक्षरांची. प्रकाशकाकडची जुनी फाइल पुष्कळदा श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टात, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली असते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणली की पहिल्यांदा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ शोधा. हा आडवा र काही कन्व्हर्टर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण वापरून लिहितात. मजकूर साफ करताना न दिसणाऱ्या खुणा सरसकट काढल्या, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. शब्द म्हणून दोन्ही बरोबर, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. म्हणून मी सगळीकडे खाली टिंब असलेला ऱ घालून घेते.

ल आणि श यांचं मराठी वळणही जपायला हवं. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टात ते मुळातच आहे. काही फॉन्टांत मात्र फाइलची भाषा मराठी नोंदवली तरच ते उमटतं. फॉन्ट फाइलमध्ये घालण्याआधी त्याचा परवाना वाचाच.

इंग्रजी पुस्तकांतले अलंकार जसेच्या तसे उचलू नका. शीर्षकातल्या अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं केलं की काही रीडरांत, म्हणजे ई-बुक वाचायच्या अ‍ॅपांत, जोडाक्षर फुटतं. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना तिरका टाइप नसतो. रीडर सरळ अक्षरच कलंडवतो आणि ते वाईट दिसतं.

कवितेला सगळ्यात जास्त वेळ द्या. लांब ओळ फोनवर मोडते आणि वाचकाला ती दोन ओळींची वाटते. प्रत्येक ओळीला डावा समास द्या आणि तिची सुरुवात तेवढीच मागे ओढा. मोडलेला तुकडा आत जाऊन बसतो आणि कवीची ओळ कुठे संपली ते कळतं. मापं पिक्सेलमध्ये नकोत, ‘एम’मध्ये द्या, म्हणजे अक्षराबरोबर समासही वाढेल. स्पेसबार दाबून सोडलेल्या जागा ईपबमध्ये गळून जातात.

छापील पृष्ठक्रमांकांची यादी ईपब ३ मध्ये देता येते. अभ्यासकांना संदर्भासाठी ती लागते, तरी फार कमी जण ती देतात. चित्रमय बालपुस्तकांना मात्र स्थिर, म्हणजे पान न विस्कटणारी, मांडणीच बरी.

सरावाला केशवसुतांच्या कविता घ्या. ते १९०५ मध्ये गेले, त्यामुळे मूळ कवितांवर स्वामित्वहक्क नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या वगळा. तयार फाइल ईपबचेक या चुका दाखवणाऱ्या साधनातून काढा आणि लहान पडद्याच्या फोनवर, अक्षर सगळ्यात मोठं करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.